अ‍ॅनिमे संमेलनात स्क्रीनिंगची खोली कशी चालवावी?

तुम्ही विचारलंय की पुण्यात तिकीट लावून दोन दिवसांचं अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशनचं) संमेलन भरवताय, त्यात एक खोली फक्त स्क्रीनिंगला आहे. तिथे स्वतःच्या क्रंचीरोल (पैसे भरून ऑनलाइन अ‍ॅनिमे बघायची सेवा) अकाउंटवरून एपिसोड लावले तर चालतील का, आणि वेळापत्रक कसं बसवायचं? अशा खोल्या मी बरेचदा सांभाळल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

अकाउंटवरून नाही चालत. ते घरी बघायला दिलेलं असतं. हॉलमध्ये लावलं की ते सार्वजनिक प्रदर्शन झालं. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थांना सूट आहे खरी, पण प्रेक्षक त्याच संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक असतील तरच. तुमच्याकडे तिकीट काढून कोणीही येणार, तेव्हा ती सूट विसरा. ‘पैसे एन्ट्रीचे घेतो, एपिसोड फुकट दाखवतो’ हे लॉजिक फक्त आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टिकतं.

दुसरं म्हणजे सेन्सॉर. सार्वजनिक ठिकाणी चित्रपट दाखवायला प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे आपल्याकडे थिएटरला लागून गेलेले अ‍ॅनिमे चित्रपट त्यातल्या त्यात सोपे. जपानी दिग्दर्शक माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ 2019 मध्ये चाहत्यांच्या सह्यांच्या मोहिमेनंतर भारतात लागला आणि तेव्हापासून अशा चित्रपटांची रांगच लागली आहे. प्रमाणपत्र झालेलं असतं आणि भारतातले हक्क कोणाकडे आहेत तेही शोधता येतं. मात्र जपानी आवृत्तीचं प्रमाणपत्र वेगळं, हिंदी डबचं वेगळं. परवानगी ज्याची मिळाली तीच लावा. हक्कदाराला मेल करताना तारीख, हॉल, खुर्च्या, तिकिटाचा दर आणि कोणती आवृत्ती, सगळं पहिल्याच मेलमध्ये द्या. उत्तर लवकर येत नाही, मागे लागावं लागतं. आणि लेखी ‘हो’ येईपर्यंत पोस्टरवर नाव छापू नका. दिल्लीचं जपान फाउंडेशन भारतात जपानी चित्रपट महोत्सव भरवतं, तिथेही विचारून बघायला हरकत नाही.

वेळापत्रक त्यामानाने सोपं. टीव्ही एपिसोड साधारण 24 मिनिटांचा असतो, म्हणजे अर्ध्या तासाच्या खणात बसतो आणि माणसं आत-बाहेर व्हायला वेळ उरतो. एकाच मालिकेची मॅरेथॉन लावू नका. जे सगळ्यांच्या मोबाइलवर आहे ते बघायला कोणी दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत नाही. नवीन मालिकेचे पहिले दोन एपिसोड आणि संध्याकाळी एक चित्रपट, एवढं पुष्कळ झालं. कॉसप्ले (पात्रांसारखा वेश करून येणं) स्पर्धेच्या वेळी चांगलं काही ठेवाल तर रिकाम्या खुर्च्यांना दाखवाल. ‘ए’ प्रमाणपत्राचं काही असेल तर रात्रीच, आणि दारावर ओळखपत्र बघणारा खमका माणूस हवा, मित्रांनाही परत पाठवणारा.

आता खोली. सगळे प्रोजेक्टरच्या ब्राइटनेसवर वाद घालतात आणि सबटायटल विसरतात. सबटायटल पडद्याच्या तळाशी असतात आणि सपाट जमिनीवरच्या खुर्च्यांमुळे नेमक्या त्या ओळी पुढच्याच्या डोक्यामागे जातात. डेकोरेशनवाला पडदा लावत असतानाच शेवटच्या रांगेत बसा, पुढे तुमच्यातला सगळ्यात उंच मुलगा बसवा आणि वाचता येईपर्यंत पडदा वर घ्यायला लावा. कॉसप्लेवाले विग आणि शिंगं घालून येतात, तेही धरा.

फाइल ज्या लॅपटॉपवरून लावणार त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने, आदल्या दिवशी पूर्ण चालवून बघा. नुसती सुरुवात बघून उठू नका. फॉन्ट नसेल तर सबटायटलच्या जागी चौकोन दिसतात. एचडीएमआय स्प्लिटर (एकच चित्र दोन पडद्यांना देणारी डबी) मध्ये घातला की कॉपी-संरक्षणामुळे कधी आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. अमेरिकेतून कोणी ब्लू-रे आणून देत असेल तर ती रीजन ए ची असते, भारत रीजन सी मध्ये येतो. एका रीजनची डिस्क दुसऱ्या रीजनच्या प्लेअरवर सहसा चालत नाही, म्हणून प्लेअर वाजवतो का ते आधी बघा. स्पीकरमधून घुंईऽऽ आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तिथेच असतं. आणि नोटिफिकेशन बंद! ऐन हाणामारीत नायकाच्या कपाळावर कोणाच्या तरी आईचं ‘जेवलास का’ आलेलं मी पाहिलंय. हॉलमध्ये त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा तोच होता.

परवानग्या नाहीच आल्या तर खोली रिकामी ठेवू नका. हिंदी डबिंगचं बरंचसं काम मुंबईतच चालतं. एखाद्या डबिंग आर्टिस्टला तासभर बोलवा, एकाच संवादाचे चार सूर करून दाखवायला सांगा, मग माइक प्रेक्षकांकडे द्या. माझ्या बघण्यात एपिसोडपेक्षा अशाच कार्यक्रमांना जास्त गर्दी होते, त्यामुळे परवानगी मिळाली तरी हा एक तास ठेवाच.