साल नसलेल्या नाण्याचे साल

नौपाडा, ठाणे

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो पाहिले. एका बाजूला सिंहमुद्रा, दुसऱ्या बाजूला तीच सिंहमुद्रा, पण खोलगट आणि उलटी. आपल्याकडचे व्यापारी अशा नाण्याला ‘लखी’ म्हणतात, लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ‘ब्रोकेज’ छापलेले असते. हे कोणत्या सालचे आणि कितीपर्यंत बोली लावू, असे तू विचारलेस. त्याआधी एक प्रश्न मी तुला विचारतो: यंत्रात नेमके काय घडले म्हणून हे नाणे असे निघाले? याचे उत्तर देता आले की खरे-खोटे कळते, सालाचा माग लागतो आणि भावाचाही अंदाज येतो. उत्तर सुचत नसेल तर नाणे कितीही देखणे असो, बोली लावू नकोस.

टांकसाळीत दोन ठशांच्या मध्ये कोरी चकती येते, दाब पडतो आणि तयार नाणे बाहेर फेकले जाते. कधीतरी एखादे नाणे बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहते. पुढची चकती आली की तिच्या एका बाजूवर नेहमीचा ठसा उमटतो आणि दुसऱ्या बाजूवर त्या अडकलेल्या नाण्याचा उघडा चेहरा. म्हणून तो खोलगट, म्हणून उलटा. अडकलेले नाणे प्रत्येक दाबासरशी पसरत जाते. त्यामुळे पहिल्या लखीवर चित्र रेखीव आणि मापात असते, पुढच्या नाण्यांवर ते फुगट आणि पुसट होत जाते. पहिल्या, रेखीव लखीला जास्त पैसे मिळतात ते यामुळेच.

नकली लखी करणारा दोन साधी नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळतो. ती ओळखायला दहापट भिंग पुरते. आधी उठावाची बाजू बघ. खऱ्या लखीत ती बाजू ठशाखालीच घडलेली असते, म्हणून सिंहांची आयाळ, अक्षरांच्या कडा, काठ सगळे ठसठशीत असते. व्हाइसमधल्या नाण्याची ही बाजू दाबाने चपटी झालेली दिसते. मग खोलगट बाजूवर उजेड तिरका पाड. तिथे मूळच्या ‘१’ आकड्याचे किंवा ‘रुपया’ या अक्षरांचे अवशेष सापडले, तर ते नाणे आधी पूर्ण छापलेले होते आणि नंतर कोणीतरी दाबले. खऱ्या लखीच्या त्या बाजूला किमतीचा ठसा कधी लागलेलाच नसतो. वापरातल्या लखीत आणखी एक गोष्ट दिसते आणि ती मला फार आवडते: उठावाची बाजू बोटांनी झिजते, पण खोलगट चित्र आत सुरक्षित राहते. दोन्ही बाजूंची झीज अगदी सारखी असेल तर मी थबकतो.

दोन्ही बाजूंना सिंह, पण दोन्हीकडे उठावात आणि सुलट, असे नाणे कोणी दाखवले तर काठाच्या आतल्या बाजूने सांधा शोध. दोन नाणी कोरून एकात एक बसवलेली असतात. जादूगार वापरतात तसले.

आता साल. आपल्या रुपयावर साल किमतीच्या बाजूला असते आणि टांकसाळीची खूण त्या सालाखाली: मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूण नसते. (‘खूण छापायची राहिलेले दुर्मीळ नाणे’ म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा साधे कोलकात्याचे असते.) सिंहाच्या लखीत ही पूर्ण बाजूच उमटलेली नाही, म्हणून साल आणि टांकसाळ दोन्ही गेले. मग धातू, वजन आणि व्यास यांनाच विचारायचे. चुंबक लाव. १९७५ ते १९९१चा रुपया तांबे-निकेलचा, तो चिकटत नाही. १९९२पासून स्टेनलेस स्टीलचा, तो चिकटतो. २५ मिलीमीटर व्यास आणि ४.८५ ग्रॅम भरला तर २०११ची नवी मालिका येण्याआधीचा, कारण त्या मालिकेतला रुपया २२ मिलीमीटरचा आणि ३.७९ ग्रॅमचा आहे. सिंहाभोवतीच्या अक्षरांची ठेवण घरातल्या सुट्ट्या रुपयांशी ताडून पाहिलीस की हा काळ आणखी आखडतो. तरी हाती येईल तो कालखंड, एक साल नव्हे. कॅटलॉगमध्ये सिंहाच्या लखीपुढे एकच साल ठामपणे छापले असेल तर ते कशावरून ठरवले, हे फोन करून विचार.

ब्रिटिश रुपयांत हे काम जास्त रंगते. राणीच्या चेहऱ्याची लखी असेल तर तिच्या नावापुढचा किताब वाच. ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असेल तर १८७६पर्यंतचे, ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ असेल तर १८७७पासूनचे. आणि साल दिसत असले तरी लगेच मानू नकोस. १८४० सालचा रुपया १८६२पर्यंत त्याच सालाने निघत राहिला. १८६२चे साल तर १८७४पर्यंत रुपयांवर तसेच राहिले, आणि मुंबई टांकसाळीने मधली वर्षे बारीक ठिपक्यांनी दाखवली. ते ठिपके मोजणारे संग्राहक आहेत आणि त्या ठिपक्यांवर भाव बदलतो. शंभर वर्षांवरचे नाणे १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते, ते परदेशी ग्राहकाला धाडता येत नाही, हेही लक्षात असू दे.

भावाबद्दल. व्हॉट्सॲपवर वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असे फिरते, ती नाणी चलनात भरपूर आली. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी-नोटा विकत घेण्याचा बनाव करणाऱ्यांपासून सावध राहा, असे बँकेने २०२१मध्ये जाहीरच केले होते. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे, विकली गेलेली किंमत म्हणजे भाव. त्याच प्रकारच्या, त्याच दर्जाच्या नाण्यांचे मागच्या लिलावांतले निकाल काढ. एकच मोठा आकडा दिसला तर तो बाजूला ठेव, दोन हट्टी माणसे भिडली की एखादे नाणे कुठल्या कुठे जाते. ठशाची चीर किंवा किंचित फिरलेला ठसा हजारो नाण्यांवर सापडतो, त्याला फार देऊ नये. मध्यापासून सरकलेल्या ठशात सरकणे ठळक हवे आणि साल शाबूत हवे, तेव्हा भाव येतो. चकतीच कापलेली निघाली असेल तर कापाच्या बरोबर समोरचा काठ दबलेला, अशक्त दिसतो, कारण छापण्याआधी चकतीचा काठ दाबून उचलतात तेव्हा तिथे धातूला समोरून आधार मिळालेला नसतो. काठ सगळीकडे भरीव असेल तर ती कात्री किंवा कानस.

हातोड्याची किंमत ही तुझी शेवटची किंमत नाही. समजा १०,०००वर हातोडा पडला आणि लिलाववाले खरेदीदाराकडून वर घेतात तो प्रीमियम १५ टक्के असला, तर ११,५०० झाले, वर कर आणि टपाल. मर्यादा ठरवताना हा शेवटचा आकडा धर, कागदावर लिही, आणि लिलाव रंगात आला तरी त्याच्या पुढे जाऊ नकोस.

एक कळकळीचे सांगणे. नाणे हाती आले की त्याला चिंच, पितांबरी, टूथपेस्ट काहीही लावू नकोस. चांदी-तांब्याच्या नाण्याचा निम्मा भाव अशा घासण्यात जाताना मी पाहिला आहे. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटातही ठेवू नकोस. आपल्याकडच्या दमट हवेत पीव्हीसीमुळे नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. मायलारची, म्हणजे पीव्हीसी नसलेली, पाकिटे घे.

लिलावाआधी लॉट प्रत्यक्ष पाहू देतात, त्या दिवशी भिंग, चुंबक आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घेऊन जा, आणि नाणे काठाला धरून हाताळ. काटा नसेल तर वाशीहून रविवारी इकडे ये, माझा घेऊन जा. येताना कॅटलॉगचे पान आण, त्यातला सालाचा उल्लेख मला वाचायचा आहे.

तुझा,
काका