उत्तर: मुंबईजवळ जंगलात किंवा तलावाकाठी फुकटात टेंट कुठे लावता येईल?

प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीचे चौघे, डिसेंबरमधला शनिवार, लोकलने जाणार. कॅम्पवाल्यांना माणशी पैसे द्यायचे नाहीत. जंगलात किंवा तलावाकाठी, आसपास कुणी नसेल अशा जागी टेंट लावायचा आहे. कुठे जावं, काय न्यावं, शेकोटी करता येईल का, आणि हॅमॉक चालेल का?

फुकटात किंवा जवळपास फुकटात जमेल, पण 'जंगलात' ही अट सोडावी लागेल. मुंबईच्या आसपासचं बहुतेक दाट जंगल राखीव वन, अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान आहे. राखीव वनात विनापरवाना शिरणं आणि जाळ करणं हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात १९७२चा वन्यजीव कायदा लागतो, तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकायचाच अधिकार नाही, मुक्काम लांबच. येऊर म्हणजे संजय गांधी उद्यानच. तुंगारेश्वर, तानसा, कर्नाळा, फणसाड, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही सगळी अभयारण्यं. तलावांचंही तेच. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा हे सातही मुंबईला पाणी पाजणारे, त्यांच्या काठाचा विचार डोक्यातून काढून टाका. बारवीचंही पाणी पिण्याचंच आहे. पवनेच्या काठावर जमीन बहुतेक खासगी आणि कॅम्पवाल्यांच्या ताब्यात. तिथे शनिवारी रात्री टेंटपेक्षा स्पीकर जास्त असतात.

मग उरतं काय? जंगलाला लागून असलेल्या गावातलं कुणाचं तरी अंगण, खळं किंवा पीक निघालेलं भाताचं खाचर. डिसेंबरात भात कापून झालेला असतो, जमीन कोरडी आणि सपाट असते, आणि मालकाला विचारलं तर बहुतेक वेळा 'लावा की' असंच उत्तर येतं. जागेचे पैसे कुणी मागितले तर थोडेसेच असतात. रात्रीचं पिठलं-भाकरी त्याच घरी सांगायची आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यायचे, हा व्यवहार दोघांनाही परवडतो.

लोकलने जाणाऱ्यांसाठी माझी पहिली पसंती राजमाचीखालची उधेवाडी. कर्जतला उतरा, रिक्षाने कोंदिवडे, तिथून कोंडाणे लेण्यांवरून अडीच-तीन तासांची चढण. गावात अंगणात टेंट लावू देतात, जवळ तलावही आहे. दुसरं म्हणजे कर्जत तालुक्यातल्या आंबिवली गावातून (कल्याणजवळचं स्टेशन नव्हे) चढून कोथळीगडाच्या माचीवरचं पेठ. पाण्याकाठचाच हट्ट असेल तर भंडारदऱ्याच्या फुगवट्याजवळचं रतनवाडी किंवा साम्रद, पण तिथे कसारा किंवा इगतपुरीहून पुढे गाड्या बदलत जावं लागतं. शिवाय तो भाग अभयारण्यात येतो. नाक्यावर पावती फाडा आणि टेंट गावठाणात किंवा मालकीच्या शेतातच लावा. किल्ल्यांवर मुक्काम टाळा, केंद्रसंरक्षित गड सूर्योदय ते सूर्यास्त एवढेच उघडे असतात.

जागा कुणाची हे घरबसल्या बरंचसं कळतं. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून नकाशात त्या तुकड्यावर टिचकी मारली की गट नंबर दिसतो, त्यावरून सातबारा पाहता येतो. मालकाच्या रकान्यात वन विभाग, महाराष्ट्र शासन किंवा पाटबंधारे असेल तर तो तुकडा सोडा. माणसाचं नाव असेल तर त्या माणसाला गाठा, नाही सापडला तर सरपंच किंवा पोलीस पाटील. प्रत्यक्षात वनहद्द ओळखायची खूण म्हणजे चुन्याने रंगवलेले, आकडे टाकलेले दगडी बुरूज. त्याच्या आत जायचं नाही.

आता तलावाचा काठ. धरणाचं पाणी दिवाळीनंतर उतरत जातं आणि खाली छान सपाट, हिरवट पट्टा उघडा पडतो. फोटोत टेंटसाठी तयार केल्यासारखा दिसतो. तो गाळ आहे. वर सुकलेली पापडी, खाली ओल. खिळा सहज जातो आणि वाऱ्याच्या पहिल्या झोतात तितक्याच सहज बाहेर येतो. अनेक ठिकाणी ही गाळपेर जमीन धरणग्रस्तांना पिकासाठी दिलेली असते, म्हणजे तुमच्या चटईखाली कुणाचा तरी नुकता उगवलेला हरभरा असू शकतो. काठावरच्या खडकांवर फिकट रंगाची एक आडवी रेघ दिसते, ती पूर्ण भरलेल्या पाण्याची पातळी. टेंट त्या रेघेच्या वर. पावसाळ्यात तर ही अट जिवाची आहे, कारण रात्रीत पाणी चढतं. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तर कुठल्याच ऋतूत नाही, पाणी सोडलं की पळायला वेळ मिळत नाही.

रेघेच्याही दहा-पंधरा मीटर वर गेलात तर आणखी बरं. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून घरंगळत पाण्याकाठच्या खोलगट भागात साठते. दव तिथे जास्त, डासही तिथेच. चार पावलं वर चढलं की झोपेत फरक कळतो. पोहायला मात्र उतरू नका. गाळात पाय रुततो, बुडालेली झाडं आणि जुने बांध दिसत नाहीत, आणि उतार कुठे तुटतो ते काठावरून कळत नाही.

चार माणसांचा टेंट म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून, सॅक बाहेर. चौघांसाठी दोन-तीन जणांचे दोन टेंट न्या. मुक्कामाच्या जागी साडेचारच्या आत पोचा, डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. आधी जमिनीवर आडवं पडून बघा, उतार डोळ्यांना दिसत नाही पण पाठीला लगेच लागतो. थोडा उतार राहिलाच तर डोकं वरच्या बाजूला. खाली अंथरायची प्लास्टिकची शीट टेंटच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच लहान हवी. बाहेर डोकावली तर बाहेरच्या कापडावरून ओघळलेलं दव किंवा पाऊस ती झेलते आणि थेट तुमच्या पाठीखाली आणते. 'वॉटरप्रूफ टेंट गळला' या तक्रारींमागे पुष्कळदा ही शीटच असते.

टेंटसोबत येणारे बारीक तारेचे खिळे आपल्या मुरमात दोन घावांत वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातले सहा-आठ इंची जाड खिळे डझनभर घ्या, जड असतात पण टिकतात. खिळ्याचं डोकं टेंटपासून लांबच्या बाजूला झुकलेलं हवं, साधारण ४५ अंशांत. उभा ठोकलेला खिळा ओढीबरोबर सरळ वर येतो. आणि कातळ असेल, म्हणजे खिळा जाणारच नाही, तर दोरी दगडाला गुंडाळू नका. बेसाल्टची धार रात्रभरच्या हलण्याने दोरी कापते. त्याऐवजी दोरीच्या टोकाचा फास वीतभर लांबीच्या जाड काठीच्या मधोमध अडकवा, काठी जमिनीवर आडवी ठेवा आणि तिच्या टेंटकडच्या अंगाला, दोरीवर, दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा दगड ठेवा. टेंट ओढायला लागला की काठी दगडाच्या पाठीवर अडते. ओढ वाढेल तशी पकड वाढते. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, म्हणून झोपण्याआधी एकदा सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणा. बाहेरचं कापड आतल्या जाळीला कुठेही टेकता कामा नये.

सकाळी टेंट आतून ओला असेल तर तो गळलेला नाही, ती तुमचीच वाफ. चार माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात लिटरभर तरी पाणी हवेत जातं. थंडी वाजते म्हणून झडपा बंद केल्या की ते सगळं कापडावर जमतं. वरच्या झडपा उघड्याच ठेवा आणि ऊब खालून मिळवा, कारण अंगातली उष्णता आधी जमीन खेचते. स्लीपिंग बॅग साधी असली तरी चालेल, मॅट मात्र चांगली हवी. एक पातळ योगा मॅट पुरत नाही, दोन एकावर एक घ्या. टेंटमध्ये निखाऱ्यांची शेगडी कधीही नेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्टोव्हबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण लोकलने जाणाऱ्यांनी हे वाचाच. गॅसचं कॅनिस्टर, स्पिरिट, रॉकेल, काहीही ज्वालाग्राही रेल्वेतून नेणं १९८९च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, कॅनिस्टर कितीही छोटं असो. म्हणून जेवण गावात आणि जोडीला घरून दशम्या, थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी. स्वतःच्या गाडीने गेलात तर २३० ग्रॅमचं एक कॅनिस्टर चौघांच्या रात्रीच्या खिचडीला आणि दोनदा चहाला आरामात पुरतं. वारा अडवायला पत्रा लावताना कॅनिस्टर त्याच्या बाहेर राहू द्या, आत कोंडलेली उष्णता त्याला तापवते.

पाणी: संध्याकाळी पोचून दुसऱ्या दुपारपर्यंत माणशी तीन ते साडेतीन लिटर, म्हणजे चौघांना बारा ते चौदा. घरून माणशी दोन लिटर न्या, बाकी गावच्या विहिरीचं किंवा हातपंपाचं. तलावाचं किंवा टाक्याचं वापरायची वेळ आली तर सुती कापडाच्या चार पदरी घडीतून गाळून, खळाखळा उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळा. क्लोरीनची गोळी टाकणार असाल तर आधी गाळणं आलंच, गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण पाळा आणि अर्धा तास थांबा.

शेकोटी नको. दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळतं, एक ठिणगी पुरते. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो, पण डिसेंबरातलं गवतही काही कमी पेटत नाही, आणि गावात गुरांच्या वैरणीच्या गंज्या अंगणालगतच रचलेल्या असतात. मालकाने स्वतः चूल किंवा शेकोटी पेटवली तर तिच्याभोवती बसा, लाकडाचे पैसे द्या आणि झोपण्याआधी राखेत पाणी ओतून ती हाताला गार लागेपर्यंत ढवळा. कड्याखाली तर धूर अजिबातच नको. वर आग्या मोहोळ असतं, आणि धूर किंवा उग्र वासाचा स्प्रे त्यांना उठवायला पुरेसा असतो.

बिबट्याची भीती सगळ्यांना वाटते, टेंटची चेन उघडी टाकण्याची कुणालाच वाटत नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा दुखत नाही, खूण जेमतेम दिसते, आणि पहाटे पोटदुखी, जड पापण्या, बोबडं बोलणं सुरू होतं. म्हणून चेन कायम बंद, बूट आत, रात्री लघवीला जाताना टॉर्च जमिनीवर. कुणाला चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नाही. चावलेला अवयव हलू देऊ नका, १०८ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिसर्पविष चालतं. हिरव्या चापड्यावर ते चालत नाही, तिथे लक्षणांप्रमाणे उपचार करतात. जवळचं सरकारी रुग्णालय कुठे, हे निघण्याआधी कागदावर लिहून घ्या, वर रेंज मिळेलच असं नाही. खाण्याची पिशवी टेंटमध्ये ठेवू नका, कुत्री आणि माकडं कापड फाडतात. मालकाच्या घरात ठेवा.

संडासचा खड्डा पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब, वीतभर खोल. उघड्या माळावर मुरूम खणला जात नाही, झाडाखालची माती मऊ असते. वेट वाइप्स कुजत नाहीत, परत आणा.

पावसाळ्यात हाच बेत करणार असाल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश बघा. धबधबे आणि धरणांवर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४) बंदी लागते. वळवाच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्यात, उघडं पठार आणि एकटं झाड टाळा. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर पक्क्या घरात शिरा.

हॅमॉक चालेल, पण झाड मालकाला विचारून. अकोले, जुन्नर, आंबेगाव भागात हिरड्याचं झाड म्हणजे त्या घराचं रोख उत्पन्न असतं. खोड मांडीएवढं तरी जाड हवं, कारवीला बांधायचा विचारही नको. सालीत दोरी रुतू नये म्हणून किमान इंचभर रुंद पट्टे वापरा. पट्ट्याचा कोन तीसेक अंश आणि बसल्यावर उंची गुडघ्याएवढी, म्हणजे पडलात तरी फारसं लागणार नाही. डिसेंबरात पाठीखालून वारा लागतो, त्यामुळे हॅमॉकमध्येही मॅट घालावीच लागेल. ती घसरते, दोन्ही टोकांना नाडीने बांधा. चौघांपैकी एकाने हॅमॉक आणला तरी झोपायची जागा टेंटमध्ये चौघांचीच धरा.