शून्याच्या फ्रेमवर पास, खऱ्या डेटावर नापास: एलडीपीसी डीकोडरबद्दल

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि माझा एम.ई.चा उन्हाळा डोळ्यांसमोर उभा राहिला. तुम्ही लिहिलंय की सगळे बिट शून्य धरून केलेल्या सिम्युलेशनमध्ये तुमचा चार बिटांचा मिन-सम डीकोडर (चुका दुरुस्त करणाऱ्या एलडीपीसी कोडचा सोप्या हिशेबाचा डीकोडर) झकास चालतो, पण तोच एफपीजीएवर (हवं ते सर्किट बसवता येणाऱ्या चिपवर) चढवून खरा डेटा पाठवला की फ्रेमवर फ्रेम, म्हणजे बिटांचे गटच्या गट, पडतात. गाईड म्हणतात कोड ठरवणारं मॅट्रिक्स बदला. माझं ऐकाल तर मॅट्रिक्सला आत्ता हात लावू नका.

टॅनर ग्राफ (बिट आणि त्यांच्या तपासण्या जोडणारं जाळं), त्यावर संदेश कसे फिरतात, हे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, म्हणून हेच कारण असेल अशी खात्री देत नाही. पण लक्षणं अगदी माझ्यासारखी आहेत.

शून्याची फ्रेम पाठवून चाचणी घेणं चूक नाही. कोड रेषीय आहे, म्हणून कुठलाही कोडवर्ड (कोडच्या नियमांत बसणारी बिटांची ओळ) पाठवला तरी चुकांचं प्रमाण सारखंच येतं. मात्र त्याला अट आहे: चॅनल सममित, म्हणजे 0 आणि 1 ला सारखाच वागवणारा हवा आणि डीकोडरही सममित हवा. रिचर्डसन आणि अर्बांके यांच्या 2001 च्या लेखात ही अट स्पष्ट मांडलेली आहे. मी ती वाचली होती, परीक्षेत लिहिलीसुद्धा होती. माझा स्वतःचा डीकोडर ती पाळतो का, हे मात्र तपासलं नाही. एन्कोडर (डेटाचा कोडवर्ड बनवणारा भाग) लिहायचा कंटाळा केला आणि त्यापायी दोन महिने गेले.

चूक एका ओळीत होती. मिन-समचे संदेश खऱ्यापेक्षा मोठे येतात म्हणून आपण त्यांना 0.75 ने गुणतो. गुणाकार महाग, म्हणून मी x मधून x चा दोन घरं उजवीकडे सरकवलेला आकडा वजा करत होतो. ते ठीकच होतं, पण मी हे चिन्ह लावल्यानंतर करत होतो. टूज कॉम्प्लिमेंटमध्ये (संगणकाच्या ऋण आकडे लिहायच्या पद्धतीत) ऋण आकडा उजवीकडे सरकवला की तो खाली, म्हणजे ऋण बाजूला गोल होतो. वहीत मांडून बघा: 7 चे 6 होतात, पण −7 चे −5. 3 चे 3 राहतात, −3 चे −2. आणि 1 चा 1 राहतो, पण −1 चा थेट 0!

माझ्याकडे धन एलएलआर (बिट 0 की 1 याचा कौल सांगणारा आकडा) म्हणजे बिट 0. म्हणजे प्रत्येक फेरीत प्रत्येक चेक नोड (ग्राफमधला बिटांची तपासणी करणारा बिंदू) शून्याच्या बाजूने काटा मारत होता. कापूस विकताना व्यापाऱ्याचा काटा आपण दोनदा तपासतो, इथे मात्र काटा माझ्याच बाजूने झुकत होता म्हणून मला तो खरा वाटला. शून्याच्या फ्रेमवर आलेख सुंदर यायचा. खऱ्या डेटात साधारण निम्मे बिट 1 असतात, त्यांचं म्हणणं दर फेरीत दुबळं होत गेलं आणि फ्रेम पडल्या.

उपाय सोपा आहे: आधी निव्वळ किंमत कमी करा, चिन्ह शेवटी लावा. सॅच्युरेशन (आकडा जिथे थांबवायचा ती मर्यादा) −8 ला नाही, ±7 ला करा. शेवटी बिटाच्या एलएलआरची बेरीज बरोबर 0 आली की बिट 0 ठरवायचा, हीसुद्धा शून्याला फुकटची मदतच आहे. चार बिटांत अशा बरोबऱ्या भरपूर येतात, म्हणून चाचणीपुरतं तिथे चूकच धरा.

आता तुमच्यासाठी खरी चाचणी. एक यादृच्छिक कोडवर्ड घ्या. आधी शून्याची फ्रेम नॉइजसकट डीकोड करा. मग क्वांटाइझ केलेले (चार बिटांत बसवलेले) तेच आकडे घेऊन, कोडवर्डमध्ये जिथे 1 आहे तिथली चिन्हं उलटवा आणि पुन्हा डीकोड करा. दोन्ही उत्तरांत फक्त त्या कोडवर्डाचाच फरक दिसला पाहिजे, फ्रेम पास असो वा नापास. बरोबरीचे बिट सोडून कुठेही वेगळं काही निघालं तर डीकोडर एका बाजूला झुकलाय. याला आलेख लागत नाही, दहा हजार फ्रेम काही मिनिटांत होतात.

एन्कोडर अवघड वाटत असेल तर वायफायच्या 802.11एन मधला 648 लांबीचा, निम्म्या दराचा कोड घ्या. 12 गुणिले 24 चा छोटा तक्ता, प्रत्येक घरात 27 बाय 27 चा फिरवलेला एकक मॅट्रिक्स किंवा शून्य. सगळ्या ओळींची बेरीज केली की पहिला पॅरिटी गट (तपासणीसाठी जोडलेल्या बिटांचा) मिळतो, बाकीचे ओळीने निघतात. स्वतःचं मॅट्रिक्स बनवायची घाई एम.ई.त करू नये असं माझं ठाम मत आहे. ग्राफमध्ये चार लांबीची चक्रं (चार पावलांत परत येणाऱ्या वाटा) राहून गेली की दोष डीकोडरचा की कोडचा, हेच कळत नाही.

एक तक्रार मनात राहिलीय. शंभर चुकलेल्या फ्रेम मोजल्याशिवाय मी आकडा छापत नाही. दहा लाखांत एक फ्रेम चुकत असेल तर त्यासाठी दहा कोटी फ्रेम लागतात. म्हणून एका संस्थेच्या संगणक विभागाकडे सर्व्हरवर वेळ मागितला. अर्ज तीन प्रतींत, मग विभागप्रमुखांचा शिक्का, मग म्हणाले सुट्टीनंतर या. जून उजाडला, सर्व्हर मिळाला नाही. जळगावच्या मे महिन्यात दुपारी लॅपटॉप तापून निम्म्या वेगाने चालायचा, म्हणून मी रात्री अकराला रन लावून झोपायचो. तुम्हीही तेच करा, आणि दर पाच मिनिटांनी मोजणी व सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात ती संख्या) फाइलमध्ये लिहून ठेवा. वीज गेली तर सगळी रात्र वाया जात नाही. आमच्या चोपड्याकडे मी तीन रात्री अशा घालवल्यात.

5जीचे कोड मी हाताळलेले नाहीत, त्यावर दुसऱ्या कुणीतरी लिहावं. तुम्ही आधी ती चिन्हं उलटवायची चाचणी करा, किती फ्रेम वेगळ्या निघाल्या ते इथे लिहा आणि शिफ्टची ती ओळ जशीच्या तशी टाका. रात्री नऊनंतर मी बघतो.