केप टाऊनच्या सहलीत केप पॉइंटसाठी दोन तास पुरेसे आहेत का? तिथे दोन महासागर एकमेकांना मिळताना दिसतात का? आमच्यासोबत वयस्कर मंडळीही आहेत.

दोन तास पुरत नाहीत. केप पॉइंट म्हणजे दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेले कड्यांचे टोक, म्हणजेच भूशिर. दीपगृहापर्यंत वर जायचे, खाली केप ऑफ गुड होप या शेजारच्या टोकाच्या प्रसिद्ध पाटीजवळ फोटो काढायचा आणि पुन्हा गाडीत बसायचे एवढाच बेत असेल, तर तो दोन तासांत सहज पार पडतो. पण तुमचा प्रश्न असा आहे की एवढ्यात केप पॉइंट पाहून झाला असे म्हणता येईल का, आणि त्याला माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. नेमका हाच वाद आमच्या घरात कित्येक वर्षे चालू आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आमच्या सहलीची आखणी माझ्या थोरल्या दिरांनी केली होती. ते अत्यंत व्यवस्थित आहेत. कोणत्या ठिकाणी किती वेळ थांबायचे, हे निघण्यापूर्वीच त्यांच्या वहीत लिहिलेले असते. केप पॉइंटच्या समोर त्यांनी दोनच गोष्टी लिहिल्या होत्या, वरचे दीपगृह आणि खालची पाटी. वाहनतळावर उतरलो तेव्हा वारा इतका होता की गाडीचे दार दोन्ही हातांनी धरून उघडावे लागले. बाकीची मंडळी ‘फ्लाइंग डचमन’ नावाच्या डोंगरी रेल्वेच्या रांगेत उभी राहिली. मी आणि माझी पुतणी, म्हणजे भाऊजींचीच धाकटी मुलगी, पश्चिमेकडे केप ऑफ गुड होपच्या दिशेने जाणाऱ्या पायवाटेला लागलो. भाऊजी मागून म्हणाले, “अगं, आफ्रिकेच्या टोकाला येऊन तू टोकच सोडणार?” मी त्यांना तेव्हा उत्तर दिले नाही, कारण वेळ मोजका होता आणि वाट लांब होती.

ती वाट कड्याच्या काठाकाठाने जाते. काही भागात जमिनीवर लाकडी फळ्यांचा मार्ग केला आहे, कारण दोन्ही बाजूंना असलेली ती गुडघाभर झुडपे पायदळी तुडवली जाऊ नयेत. लांबून ती सगळी एकसारखी, करड्या-हिरव्या रंगाची दिसतात, पण वाकून पाहिले की प्रोटिया, एरिका आणि वेतासारखे बारीक दांड्यांचे रेस्टिओ असे वेगवेगळे प्रकार ओळखू येतात. केपच्या या वनस्पतिप्रदेशात सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ ७० टक्के जगात अन्यत्र नैसर्गिकरीत्या उगवत नाहीत. २००४ पासून या प्रदेशातले संरक्षित भाग जागतिक वारशाच्या यादीत आहेत. समुद्रावरून सतत येणारा वारा आणि खारट तुषार सोसून ही झाडी जगते, म्हणूनच ती बुटकी आणि चिवट आहे. माझी पुतणी वनस्पतिशास्त्र शिकत होती. तिला तिथून पुढे नेणे हेच माझ्यासाठी मोठे काम होते.

थोडे अंतर गेल्यावर मी तिला मागे वळून पाहायला सांगितले आणि मग आम्ही दोघीही बराच वेळ तिथेच थांबलो. ज्या भूशिराच्या डोक्यावर आमची मंडळी चढत होती, ते भूशिर आम्हाला तिथून प्रथमच पूर्ण दिसत होते. २०० मीटरहून अधिक उंचीचा तो कडा वरपासून पाण्यापर्यंत जवळजवळ सरळ उतरतो. त्याच्या अंगावर वालुकाश्माचे आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात आणि त्या थरांना छेदत उभ्या भेगा खाली गेलेल्या आहेत. हा खडक ४० कोटी वर्षांहून जुना आहे आणि केप टाऊनमधल्या टेबल माउंटन या डोंगराचा खडकही याच कुळातला आहे. समुद्र पायथ्याशी कोरत राहतो, वरचा भाग निराधार होतो आणि मग त्या उभ्या भेगेवरूनच तो निखळतो. म्हणून हा कडा उतरता न होता ताठ राहिला आहे. कपारींमध्ये पाणकावळ्यांची वस्ती आहे आणि त्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ त्या आडव्या थरांवरून खाली आलेले दिसतात. डोंगरावरच्या माणसांचा आकार त्या कड्यापुढे इतका लहान होता की कोण आपले आणि कोण परके, हे काही केल्या ओळखता येईना.

तिथून एक लांबलचक लाकडी जिना डायस बीचवर उतरतो. ही पुळण केप मॅक्लिअर आणि केप पॉइंट या दोन टोकांच्या मधोमध आहे. खाली उतरल्यावर जे दिसते ते समजून घ्यायला आधी लाटांचे वळणे समजून घ्यावे लागते. खोल समुद्रातून येणारी लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग कमी होतो. भूशिरासमोरचे पाणी आधी उथळ होते, त्यामुळे लाटेचा तेवढा भाग मागे पडतो, तिच्या दोन्ही बाजू वळून आत येतात आणि तिचा सगळा जोर टोकाच्या खडकांवर एकवटतो. याउलट दोन टोकांच्या मधल्या भागात तोच जोर पसरून विरळ होतो, तिथे वाळू साचते आणि पुळण तयार होते. वाळूवर उभे राहून आम्ही दोन्ही हातांना असलेल्या खडकांवर पाणी उसळताना पाहत होतो आणि मधली लाट त्यामानाने रुंद पसरून येत होती. भूशिर म्हणजे काय, ते का टिकते आणि तेच का झिजते, हे सगळे तिथे एका नजरेत मावत होते. पाठ्यपुस्तकात मी हे अनेकदा शिकवले होते. डोळ्यांनी पाहिले ते त्या दिवशी.

संध्याकाळी भाऊजींनी वरून काढलेले फोटो दाखवले. हवा स्वच्छ होती, त्यामुळे पूर्वेकडच्या फॉल्स बे या उपसागराचा संपूर्ण विस्तार, पलीकडचे डोंगर, क्षितिज असे सगळे त्यांत होते. ते फोटो खरोखर सुंदर आहेत. पण केप पॉइंट त्यांतल्या एकाही फोटोत नाही, आणि नसणारच. वरून सगळे दिसते, फक्त आपण ज्याच्यावर उभे आहोत ते दिसत नाही. “तिथे खाली काय होते? वाळू आणि पाणी,” हे त्यांचे वाक्य आजही प्रत्येक कौटुंबिक समारंभात ऐकू येते, आणि माझे उत्तर मी त्यांना त्यांच्याच आवडत्या दीपगृहाच्या आधारे देते.

ते जुने दीपगृह १८६० साली सुरू झाले. शिखरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २३८ मीटर उंचीवर ते बांधले होते, आणि जितके उंच तितके चांगले असाच त्यामागचा विचार असावा. प्रत्यक्षात त्या उंचीवर अनेकदा ढग आणि धुके असते, त्यामुळे ज्या रात्री त्या दिव्याची सर्वांत जास्त गरज असे, त्याच रात्री तो झाकला जाई. शिवाय स्वच्छ रात्री तो इतक्या लांबून आणि टोकाच्या अलीकडूनच दिसे की जहाजे किनाऱ्याच्या फार जवळून वळण घेत. १९११ साली ‘लुसितानिया’ नावाचे पोर्तुगीज प्रवासी जहाज टोकाजवळच्या बेलोज रॉक या खडकावर आदळले, आणि त्यानंतर नवे दीपगृह बरेच खाली, समुद्रापासून अवघ्या ८७ मीटरवर, अगदी टोकाशी बांधण्यात आले. ते १९१९ मध्ये सुरू झाले आणि आजही तेच काम करते. म्हणजे ज्यांचा जीव या भूशिरावर अवलंबून होता, त्यांच्यासाठी दिवा शेवटी खालीच आणावा लागला. भाऊजींनी या मुद्द्याला आजवर उत्तर दिलेले नाही.

खलाशांच्या दृष्टीने तर हे ठिकाण नेहमी बाजूनेच पाहायचे होते. पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ डायस १४८८ मध्ये वादळात या टोकाला न पाहताच वळसा घालून पुढे गेला आणि परतीच्या वाटेवर त्याला ते दिसले. पूर्वेकडून परतणारी अनेक जहाजे समोरच्या हँगक्लिप या टोकालाच केप पॉइंट समजून उत्तरेला वळत आणि भलत्याच उपसागरात शिरत. टोकाची आकृती बाहेरून ओळखता येणे हा तेव्हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. मग आपण ती आकृती न पाहता परत का यावे, हे मला अजूनही समजलेले नाही.

दोन महासागर एकमेकांना मिळताना दिसतात का, हेही तुम्ही विचारले आहे. दिसत नाहीत. अटलांटिक आणि हिंदी महासागराची ठरलेली सीमा तिथून आग्नेयेला सुमारे १५० किलोमीटरवरच्या अगुल्हास भूशिरातून जाते, आणि आफ्रिकेचे सर्वांत दक्षिणेचे टोकही तेच आहे. केप ऑफ गुड होप हे नैर्ऋत्येचे टोक आहे, आणि त्या पाटीवरही तसेच लिहिलेले आहे. पूर्वेकडून येणारा उष्ण अगुल्हास प्रवाह आणि पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारा थंड बेंग्वेला प्रवाह यांचे पाणी या भागात मिसळते, पण ती जागा सतत बदलते. पाण्यावर जी रेघ लोक उत्साहाने दाखवतात, ती फेसाची किंवा वाऱ्याची असते. फरक पाहायचाच असेल तर फॉल्स बेच्या बाजूला पाण्यात पाय घाला आणि मग अटलांटिकच्या बाजूला घाला. उन्हाळ्यात तो लगेच जाणवतो.

तेव्हा माझा सल्ला असा की त्या दिवशी दुसरे काहीही ठेवू नये. केप टाऊनहून जायलाच तासाहून जास्त वेळ लागतो. शक्य असेल तर टूरच्या बसऐवजी स्वतःची गाडी ठरवावी आणि सकाळी प्रवेशद्वार उघडताच आत शिरावे, कारण दुपारपर्यंत वाहनतळ भरतो. आधी वर जायचे की आधी पायवाटेने, असा प्रश्न पडला तर पायवाट आधी घ्या. वर गेलाच तर जुन्या दीपगृहापाशी थांबू नका. तिथून चिंचोळ्या धारेवरून पुढे जाणारी एक वाट आहे, तिच्या शेवटी नवे दीपगृह खाली दिसते आणि निदान टोकाची धार तरी लक्षात येते. वेळ उरला तर पश्चिम किनाऱ्यावर ऑलिफंट्सबॉसला जा. १९४२ मध्ये आपल्या पहिल्याच सफरीत धुक्यात खडकांवर चढलेल्या ‘थॉमस टी. टकर’ या मालवाहू जहाजाचे गंजलेले अवशेष तिथे अजून पडलेले आहेत.

तुमच्यासोबत वयस्कर मंडळी आहेत हे मी विसरलेले नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी डायस बीचवर उतरू नये; उतरणे जमते, पण तो जिना पुन्हा चढावा लागतो. त्यांना वाहनतळापासून पायवाटेच्या पहिल्या वळणांपर्यंत न्या, कडा तिथूनही दिसतो. खाली उतरणाऱ्यांनी पाण्यात मात्र जाऊ नये, कारण तिथली पाण्याची ओढ धोकादायक आहे. डिसेंबरच्या आसपास आग्नेयेचा वारा फार जोराचा असतो, त्या दिवसांत कड्याच्या कडेपासून लांब राहा. बबून माकडे खाण्यासाठी पिशव्या हिसकावतात आणि उघड्या गाडीत शिरतात, तेव्हा खाण्याचे काहीही हातात ठेवू नका आणि गाडीच्या काचा बंद ठेवा. धुके असेल तर डोंगरी रेल्वेचे तिकीट काढण्याची घाई करू नये. वर पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसत नसताना खाली पुळणीवर अनेकदा सर्व काही स्वच्छ असते.