घरी गेमिंग आणि गाणी, दोन्हीसाठी ३,००० रुपयांपर्यंत कोणता हेडफोन घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की बजेट ३,०००, फार ताणलं तर ५,०००. संध्याकाळी पीसीवर मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम, रात्री गाणी. आणि डोळा आहे तो दिवे लागणाऱ्या, खोक्यावर ‘७.१ सराउंड’ छापलेल्या हेडसेटवर. तो घेऊ नका. मी घेतला होता.

कंपनीचं नाव राहू द्या. दोन्ही कानांवर लाल दिवे, जे घालणाऱ्याला दिसत नाहीत, आणि ते पेटवायला वेगळी यूएसबी वायर. आठ महिन्यांत कुशनचं रेक्झिन सोलायला लागलं. एकदा जेवायला बसलो तर आई म्हणाली, “या वयात कानामागे तीट कुणी लावली तुला?” रेक्झिनचे काळे कपचे चिकटले होते. आपल्याकडच्या घामात आणि दमटपणात हे होतंच, म्हणून कापडी किंवा बदलता येणारी कुशनं मिळाली तर बघा.

खरं दुखणं आवाजाचं होतं. गेममध्ये स्फोट झाला की छाती धडधडायची, पहिले चार दिवस मजा आली. पण त्या धडधडीत मागून येणाऱ्याची पावलं बुडून जायची. रात्री गाणी लावली की तोच रोग.

आता मी कुठलाही हेडफोन एकाच गोष्टीवर तपासतो. भीमसेन जोशींचा एखादा अभंग लावायचा. खाली तबला-पखवाज, मध्ये गळा, वर टाळ, आणि गळ्याच्या मागे हार्मोनियम. बेस, म्हणजे खालचा आवाज, फुगवलेला असेल तर डग्ग्याचा घुमारा गळ्यावर चढतो आणि हार्मोनियम गायब होते. वरचा आवाज चढवलेला असेल तर टाळ कानात टोचतात, दहा मिनिटांत डोकं धरतं. ज्याच्यावर हे चारही वेगवेगळे ऐकू येतात, त्याच्यावर गोळीबारातून पावलंही वेगळी निघतात. म्हणून मी म्हणतो, गाण्यासाठी चांगला असलेला साधा वायरवाला हेडफोन घ्या, गेम त्यात आपोआप भागतो.

७.१ बद्दल. म्हणजे चहूबाजूंना सात स्पीकर आणि एक बेसचा. पण कान दोन, आणि अशा बहुतेक हेडसेटमध्ये स्पीकरही दोनच, एकेका बाजूला एक. बाकीचे पाच-सहा स्पीकर सॉफ्टवेअर ‘असल्यासारखे’ भासवतं. तसं करणारं विंडोज सोनिक विंडोज १० आणि ११ मध्ये फुकट आहे. व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्येही एचआरटीएफ नावाचा, आवाजाची दिशा भासवणारा पर्याय आहे, तो साध्या स्टिरिओ हेडफोनवरच चालतो. तेवढा सुरू करा आणि बाकी सगळं सराउंड बंद ठेवा. दोन्ही एकदम लावलं की शत्रू उजवीकडे की डावीकडे, हेच कळेनासं होतं.

ब्लूटूथचं आकर्षण मला कळतं, पण या कामासाठी नको. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज साधारण १५० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. गाण्यात फरक पडत नाही, गेममध्ये मात्र गोळी लागल्यावर आवाज येतो. दुसरं दुखणं फारसं कुणी सांगत नाही. त्याच हेडफोनचा माइक सुरू केलात की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर स्टिरिओ आवाज बंद पडून एकदम फोनवरच्यासारखा मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, आवाज येतो. म्हणजे मित्रांशी बोलायला लागलात की पावलं कुठल्या बाजूने येताहेत हा प्रश्नच मिटला. २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल, म्हणजे पीसीच्या यूएसबीत लावायचा छोटा तुकडा, असलेले वायरलेस हेडसेट यात बरेच चांगले, पण या बजेटमधल्यांवर मी पैसे लावणार नाही.

आता तुमची खोली. दुकानात किंवा यूट्यूबवर कुणी पंख्याबद्दल बोलत नाही, आणि आपल्याकडे मार्च ते ऑक्टोबर तो चार-पाचवर फिरत असतो. ओपन-बॅक हेडफोन, म्हणजे मागून जाळी असलेले, ऐकायला मोकळे आणि सुरेख वाटतात, पण पंखा आत येतो आणि तुमचं गाणं बाहेर जातं. घरात माणसं असतील तर क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद असलेले, घ्या. शिवाय बाहेरचा आवाज अडला की व्हॉल्यूम कमी पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. रोज तीन तास गेम आणि वर दोन तास गाणी धरली तर आठवड्याचे ३५ होतात, तेव्हा हे पुस्तकी समजू नका.

नावं हवीत तर ही घ्या, किमती रोज हलतात, त्या तुम्हीच बघा. ५,००० पर्यंत ताणणार असाल तर ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स. क्लोज्ड-बॅक, ४७ ओहमचा, म्हणजे पीसीला थेट लावला तरी पुरेसा वाजतो, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. यात माइक नाही, आणि वायर तीन मीटरची, न निघणारी. ती गुंडाळून बांधा. माझ्या एका हेडफोनची वायर खुर्चीच्या चाकाखाली आली, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन नवी पिन डकवून आणावी लागली. माइक साधा कॉलरला लावायचा वेगळा घ्या, पंख्याचा वारा थेट लागणार नाही असा. माझा टेबलावर होता तेव्हा मित्र विचारायचे, “हेलिकॉप्टरमधून खेळतोयस का?”

माइक हेडफोनलाच हवा असेल तर हायपरएक्सचा क्लाउड स्टिंगर. माइकची दांडी वर केली की म्यूट होतो, ही सोय फार कामाची. गाण्याला एम२०एक्सइतका नाही, पण कानात टोचतही नाही.

३,००० च्या आतच राहायचं असेल तर मी मूनड्रॉपचा चू २ घेईन. कानात घालायचा आहे, वायर कानामागून जाते आणि सुटी निघते. तुटली तर फक्त वायर बदलायची. कानाला घाम नाही. माइकवाली आवृत्तीही मिळते. अभंगाच्या परीक्षेत या किमतीला मला यासारखा दुसरा भेटला नाही.

पीसी डेस्कटॉप असेल तर मागे आवाजाचं हिरवं आणि माइकचं गुलाबी अशी दोन भोकं असतात का बघा. माइकवाल्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळी कडी असतील, तर ती हिरव्यात घातल्यावर आवाज येईल, माइक चालणार नाही. एका पिनेच्या दोन करणारा ‘वाय स्प्लिटर’ मागा, कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळतो. यावाचून चांगले हेडसेट ‘खराब निघाला’ म्हणून परत गेलेले मी पाहिलेत.

चू २ घेतलात तर एक सांभाळा, तो बाहेरचं बरंच अडवतो. आईने “तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर” सांगून भाजी आणायला जावं आणि मी रँक्ड मॅचमध्ये असावं, असं एकदा झालं. वास आला तेव्हा वरण कुकरच्या तळाला लागलेलं होतं. तेव्हापासून घरी एकटा असलो की उजवा कान उघडा ठेवतो, स्वयंपाकघर त्या बाजूला आहे.