लहान मुलांचा वॉर्ड मोठ्यांच्या वॉर्डापेक्षा सोपा असतो का?

तुम्ही विचारलंय की मुलगी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, शेवटच्या वर्षाला आहे, तिला पुढे मुलांच्याच वॉर्डात काम करायचंय, तर ते मोठ्यांपेक्षा सोपं पडेल का आणि त्यात वाव आहे का.

सोपं अजिबात नाही. "पोरं खेळवायची, त्यात काय एवढं" हे मी नात्यातल्यांकडून ऐकलंय आणि नर्सिंगमधल्यांकडूनही. राग येतो तो नर्सिंगमधल्यांचा, कारण त्यांना माहीत असतं.

मोठ्यांचा डोस बहुतेक ठरलेला असतो, इथे प्रत्येक डोस वजनावर. 14 किलोच्या मुलाला दिवसाला किती सलाईन द्यायचं ते काढायचं तर पहिल्या 10 किलोंना 100 मिलीप्रमाणे 1000, वरच्या 4 किलोंना 50 प्रमाणे 200, म्हणजे दिवसाला 1200 मिली आणि तासाला 50. मायक्रोड्रिपला, म्हणजे बारीक थेंबांच्या सलाईन सेटला, 60 थेंबांचा एक मिली होतो, म्हणून मिनिटाला 50 थेंब. शेजारच्या कॉटवर दुसऱ्या मुलाला झटका आलेला असताना हा हिशोब डोक्यात तयार पाहिजे. शिवाय मुलाचं बीपी शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं. बीपी चांगलं आहे म्हणून निर्धास्त बसणारी नर्स या वॉर्डात नको. नाडी, श्वास, गार पडलेले तळपाय, लघवी किती झाली, सगळ्यावर नजर लागते.

हे सरावाने येतं. जे सहज येत नाही ते म्हणजे मुलाला काय होतंय हे त्याच्याकडून काढून घेणं. तान्ह्याचं एक वेळ चेहरा, पाय, रडणं बघून कळतं, त्यासाठी फ्लॅक स्केल आहे, दहापैकी गुण देता येतात. तीन-चार वर्षांचं मूल चेहऱ्यांच्या चित्रावर बोट ठेवतं. खरी परीक्षा 12 ते 18 मधल्या मुलांची असते, आणि नेमकी तीच मुलं आपण मुलांच्या वॉर्डात ठेवत नाही. बारा पूर्ण झाली की पुरुषांच्या नाहीतर बायकांच्या वॉर्डात. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना 18 पर्यंत मूलच धरा म्हणते, तरी कितीतरी दवाखान्यांत अजून बाराचीच रेघ आहे.

माझी मुलांच्या वॉर्डातून पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात बदली झाली होती तेव्हाची गोष्ट. नागपूरची डिसेंबरातली थंडी. गडचिरोलीकडचा, आश्रमशाळेतला 14 वर्षांचा मुलगा सिकलसेलच्या क्रायसिसमध्ये आलेला. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार; त्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकून असह्य दुखायला लागतं, तो क्रायसिस. या आजारात वाढ मागे राहते, त्यामुळे दिसायला दहाचा. येणारा-जाणारा त्याला "बाळा" म्हणायचा आणि तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. एका बाजूला दारू सुटल्यामुळे रात्रभर बडबडणारे बाबा, दुसऱ्या बाजूला धापा टाकणारे आजोबा. पुरुषांचा वॉर्ड म्हणून आईला रात्री आत थांबू देत नव्हते, ती बाहेर व्हरांड्यात चादर अंथरून बसलेली.

इन्चार्ज सिस्टरनी ड्यूटी सोपवताना सांगितलं, "नाटक करून रायला तो. मोबाईल पाहते आन् इंजेक्शन मागते. यायले सवय लागते." मी त्याला विचारलं, दहापैकी किती दुखतं? मोबाईलवरची नजर न काढता म्हणाला, "नऊ जी." आवाजात रडणं नाही, काही नाही. पण पांघरूण नुसतं मांडीला लागलं तरी पायाची बोटं आखडत होती. लहानपणापासून दुखणं सोसणारं मूल रडत नाही, ते कशात तरी डोकं घालून बसतं. मी नऊ असं चार्टवर लिहिलं, रेसिडेंटला उठवलं, वेदनाशामकाचा डोस नीट लिहून घेतला आणि वेळेवर दिला. गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या. बर्फ तर या आजारात चुकूनही नाही. स्पायरोमीटरवर, म्हणजे श्वास ओढून आतले तीन चेंडू वर उचलायच्या उपकरणावर, दर दोन तासांनी दहा श्वास ओढायला लावले, कारण दुखतं म्हणून ही मुलं वरवर श्वास घेतात आणि छाती धरते.

पहाटे दुखणं उतरल्यावर तो आपणहून बोलला. सिकलसेलच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून या मुलांना सारखं जावं लागतं, रात्री अंथरूणही ओलं होतं. हॉस्टेलात पोरं हसायची, म्हणून त्याने दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं होतं. क्रायसिस कमी यावेत म्हणून रोज घ्यायच्या हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूलही पेटीत तशाच, कुणी बघेल म्हणून. पाणी कमी, वर थंडी, क्रायसिस का येतो ते समोरच होतं. फाइलीत यातलं अक्षरही नव्हतं.

सकाळी मी हे सांगितलं तर इन्चार्ज म्हणाल्या, "तुले पोरांच्या वॉर्डाची सवय, म्हणून फसते." पुढे त्या निवृत्त होईपर्यंत आमचं यावर पटलं नाही. मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन नर्सने 1968 मध्येच मांडलंय की दुखणाऱ्याने दुखतं म्हटलं की ते दुखणं. नर्सिंग शिकवताना हे सांगतात, परीक्षेत आपण लिहितो, आणि वॉर्डात पाय ठेवला की विसरतो. जुलै 2023 मध्ये शहडोलहून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 2047 पर्यंत आजार संपवायचा आहे. उत्तम आहे, तपासणी व्हायलाच हवी. पण तपासणी करून ज्याच्या हातात सिकलसेलचं कार्ड दिलं, तो चौदाव्या वर्षी कळवळत आला की त्याला नाटकी म्हणायचं असेल तर कार्डाचा त्याला काय उपयोग?

आता वावाचं. जीएनएमनंतर दोन वर्षं पोस्ट बेसिक बी.एस्सी., मग दोन वर्षं एम.एस्सी., त्यात चाइल्ड हेल्थ हा विषय घेता येतो. नवजात शिशूंचे अतिदक्षता कक्ष आणि पीआयसीयू, म्हणजे मोठ्या मुलांचे अतिदक्षता कक्ष, अनुभवी हात शोधतच असतात. एम्समधल्या नर्सच्या भरतीची नॉरसेट परीक्षा द्यायची तर जीएनएमवाल्यांना 50 खाटांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. खाजगीत सुरुवातीचा पगार कमी आहे, ते खरं.

इन्चार्ज सिस्टर वाईट नर्स नव्हत्या, हेही लिहिते. कुणालाच मिळत नसलेली शीर त्यांना मिळायची. आणि सिकलसेलच्या मुलाला ताप, खोकला किंवा छातीत दुखणं असेल तर नर्सने नुसतं ऐकत बसू नये, लगेच डॉक्टरला बोलवावं.

मुलीला सांगा, मुलाखतीला गेली की पगाराआधी विचार, इथे मुलांच्या वॉर्डात कितव्या वर्षापर्यंत घेता आणि आईला रात्री थांबू देता का. 18 म्हणाले आणि हो म्हणाले, तर दोन पैसे कमी घेऊनही तिथेच लागू दे.