शाश्वत डिझाइन आणि कचरा कमी करणं या विषयात पीएचडी करावी का? त्यात नेमकं करतात काय?

फॅशन डिझाइनची पदवी आणि गारमेंट कारखान्यातली तीन वर्षांची नोकरी झाल्यावर या विषयात पीएचडी करावी का, आणि त्यात दिवसभर करतात तरी काय, असं तुम्ही विचारलंय. माझा प्रबंध गेल्या वर्षी सादर झाला. विषय होता शाळेचे गणवेश शिवताना वाया जाणारं कापड. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: पहिले सहा महिने मी सोलापुरात चिंध्या मोजत होते. त्याही चुकीच्या.

सोलापूर म्हटलं की चादरी आणि टॉवेल आठवतात, पण गणवेश शिवणारे कारखानेही तिथे भरपूर आहेत. त्यातल्या एका कारखान्यात मी रोज संध्याकाळी कटिंग टेबलाखालची पोती काट्यावर ठेवायचे, आकडा वहीत लिहायचे, फोटो काढायचे. आकडे इतके कमी येत होते की आपला विषयच संपला की काय, अशी धास्ती वाटायला लागली. शेवटी कटिंग मास्टरांनाच राहवलं नाही. "मॅडम, चांगला माल कवाच गेला की. तुम्ही मोजताय ती झाडलोट." मोठे तुकडे दुपारीच बाजूला निघायचे. वीतभर तुकडा असला तर खिशाला किंवा कॉलरच्या आतल्या पट्टीला, त्याहून लहान गादी-उशीवाल्याला, तेही नसलं तर मशीन पुसायला. ताग्याच्या शेवटी उरणारे तुकडे तर वेगळ्याच कपाटात. सहा महिन्यांची वही बाद झाली. मग आधी अख्ख्या ताग्याचं वजन, नंतर कापून गठ्ठे बांधलेल्या भागांचं वजन, आणि मधली वजाबाकी, असं नव्याने सुरू केलं. मार्गदर्शक बाई एवढंच म्हणाल्या, "चला, पद्धतीचं प्रकरण मिळालं."

कपडा कापताना साधारण 15 टक्के कापड वाया जातं, हा आकडा तुम्हाला या विषयावरच्या जवळपास प्रत्येक लेखात भेटेल. पण तो सरासरीचा आकडा आहे, आणि सरासरीत खरी गोष्ट लपते. साधं पांढरं कापड असेल तर मास्टर फर्मे, म्हणजे कपड्याच्या प्रत्येक भागाचे कागदी साचे, उलटसुलट फिरवून बसवतो. 36 नंबरच्या पाठीशेजारी जी फट राहते, तिथे 22 नंबरची कॉलर बसते. म्हणून एकाच मार्करमध्ये, म्हणजे कापडावरच्या फर्म्यांच्या मांडणीत, लहानमोठे साइझ एकत्र घेतले की कापड वाचतं. चेक्सचं कापड आलं की हे सगळं अडतं. शिवणीवर रेघेला रेघ मिळाली पाहिजे, म्हणून प्रत्येक फर्मा पुढेमागे सरकवावा लागतो, आणि चौकडा जितका मोठा तितकं सरकवणं जास्त. मी एकाच पिनाफोरचे, म्हणजे मुलींच्या बिनबाह्यांच्या गणवेशाचे, फर्मे लहान आणि मोठ्या चौकड्यावर मांडून बघायचे. फर्मे तेच, पन्हा (कापडाची रुंदी) तोच 58 इंची, पण मोठ्या चौकड्याला दरवेळी कापड जास्त लागायचं.

आता हा चौकडा ठरवतं कोण? शाळा. संचालकांच्या बैठकीत कापडाच्या नमुन्यांचं पुस्तक फिरतं, कुणीतरी "हा उठून दिसतो" म्हणतं आणि पुढची पाच-सात वर्षं तेच कापड. त्या खोलीत मास्टर नसतो, मार्कर नसतो. चिंधी सोलापुरात टेबलाखाली पडते म्हणून दोष मास्टरच्या हाताला. माझा सगळा प्रबंध खरं म्हणजे टेबलाकडून त्या बैठकीपर्यंत उलटा चालत गेलेला आहे. सुरुवातीला माझं शीर्षक ‘वस्त्रोद्योगातील कचरा कमी करणे’ असं होतं. आता ते आठवलं तरी हसू येतं.

घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, "त्या चिंध्यांच्या पिशव्या का नाही करत?" कराव्यात की. पण गणवेशाचं कापड बहुतेक वेळा पॉलिएस्टर-व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टर-कॉटन मिश्रण असतं. हे तंतू एकमेकांपासून वेगळे काढणं सोपं नाही. पानिपतला जुने कपडे यंत्रावर फाडून पुन्हा सूत काढतात, पण फाडताना तंतू आखूड होतो. त्यातून ब्लँकेट निघतं, पुन्हा शर्टाचं कापड निघत नाही.

वाचायला सुरुवात करायची तर टिमो रिसानेन (सिडनीचं तंत्रज्ञान विद्यापीठ, 2013) आणि हॉली मॅक्विलन (स्वीडनमधलं बुरोस विद्यापीठ, 2020) यांचे प्रबंध मिळवा. कापडाचा एकही तुकडा न उरणारी बेतणी हा दोघांचा विषय. ते वाचताना मला आजोबांचा कळीदार कुर्ता आठवला. अंग आणि बाह्या सरळ पट्ट्यांच्या, कळ्या एका आयतातून तिरक्या कापलेल्या, काखेत चौबगला, म्हणजे जोडलेला चौकोनी तुकडा. साडी-धोतराला तर कात्रीच लागत नाही. मात्र ‘आपल्याकडे हे सगळं होतंच’ असं प्रबंधात लिहू नका. मी लिहिलं होतं, आणि मार्गदर्शक बाईंनी समासात फक्त "मग?" एवढाच शेरा मारला. त्या "मग?"चं उत्तर मला आईच्या बोलण्यात मिळालं: वाढत्या अंगाचे कपडे. चौकडा जुळवताना वाया जाणारी पट्टी कापून न टाकता खालच्या दुमडीत ठेवली, तर पुढच्या वर्षी पिनाफोर उसवून लांब करता येतो. कचरा तेवढाच, पण तो कपड्यातच राहतो आणि वर्षभराने कामाला येतो. पालकांना हे लगेच पटलं, शाळांना नाही.

व्यवहाराचं थोडक्यात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कोर्सवर्क धरून कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 6 वर्षं. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची कनिष्ठ शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023 पासूनच्या दराने महिना 37,000 रुपये, पुढे एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्तीला, 42,000. आयआयटीसारख्या संस्थांचे नियम त्यांचे त्यांचे असतात, ते वेगळे बघा. संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक कारखान्यात पाय ठेवणारा आहे का, ते आधी विचारा.

करावी का? स्वतःचा ब्रँड काढायचा असेल तर नको, सहा वर्षं तिथेच घाला. नाहीतर नोकरी सोडण्याआधी एक करा. तुमच्या कारखान्यात महिनाभर एकाच ऑर्डरचा तागा आणि कापलेले भाग वजन करून वजाबाकी लिहीत जा. महिन्याच्या शेवटी त्या आकड्यांबद्दल मास्टरशी भांडावंसं वाटलं, तर अर्ज भरा. काटा ग्रॅम दाखवणारा घ्या. आणि मोजायला दुपारच्या आधी जा.